तपासणी घराजवळ, बाळंतपण ठरल्या जागी

वहिनीच्या पहिल्या बाळंतपणाचा विषय निघाला की मला एक प्लॅस्टिकची पिशवी आठवते. तिच्यात तिची फाइल होती आणि ती पिशवी आमच्या भुदरगड तालुक्यातल्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात राहिली होती. वहिनी मात्र सातव्या महिन्यात माहेरी, निपाणीला गेली होती.

तिचं नाव कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात नोंदवलेलं होतं. घरून एसटीने दोन तास. सकाळी सहाला निघायचं, नऊला नंबर लावायचा, बाराच्या पुढे कधीतरी आत जायचं, पाच मिनिटांत बाहेर. परत येईपर्यंत दिवेलागण. दादाचा खाडा व्हायचा तो वेगळाच. भातलावणी चालू असताना एक तपासणी राहिली आणि ‘काही त्रास तर नाही ना, पुढच्या महिन्यात जाऊ’ असं घरातच ठरलं. त्यात मीही होते. मग ती माहेरी गेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, १३०/८६. नवीन माणसासाठी हा आकडा हद्दीच्या आतला. त्यांना आधीचं काही दिसत नव्हतं. फाइल असती तर दिसलं असतं, की हिचा रक्तदाब पहिल्यापासून १००/६० असतो आणि पाय सुजलेत म्हणजे हिला आठवड्यात परत बोलवायला हवं. तीन आठवड्यांनी ती डोकं ठणकतंय म्हणून गेली तेव्हा आकडा १७०/११० होता. बाळ वेळेआधी काढावं लागलं. बारा दिवस काचेच्या पेटीत होतं. दोघंही वाचली.

चूक कुणा एकाची नव्हती. पण मला तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. रक्तदाब मोजायला, वजन करायला, लघवी तपासायला दोन तासांचा प्रवास कशाला हवा होता? आमच्याच बाजारपेठेत, पंधरा मिनिटांवर, आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना ओळखणारे डॉक्टर बसतात. आम्ही त्यांच्याकडे ताप, खोकला, आजीची साखर सगळं घेऊन जातो. गरोदरपण तेवढं नेलं नाही, कारण ते ‘मोठ्या डॉक्टरांचं काम’ असं आम्हाला वाटत होतं.

त्यातलं किती काम खरोखर मोठ्या डॉक्टरांचं असतं, हे समजून घेतलं पाहिजे.

तपासणीत नेमकं होतं काय

पहिल्या भेटीत शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. पाळी अनियमित असेल तर हा हिशोब चुकतो, तेव्हा सुरुवातीची सोनोग्राफी खरी धरायची. मग रक्त: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, हेपॅटायटिस बी. रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असला तर पुढे अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन लागतं, म्हणून ते आधीच कळायला हवं. उंची, वजन, रक्तदाब, लघवी. आणि विचारपूस: याआधीची बाळंतपणं कशी झाली, एखादं मूल गेलं का, सिझेरियन झालं का, घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब आहे का.

पुढच्या प्रत्येक भेटीत बरंचसं तेच तेच. वजन, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, पोटाची वाढ, बाळाचे ठोके. पोट टेपने मोजतात, ओटीच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंत. विसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात जितके आठवडे तितके साधारण सेंटिमीटर. अठ्ठाविसाव्या आठवड्याला माप चोवीसच आलं तर बाळ वाढतंय का ते सोनोग्राफीवर बघायचं. टेप शिंप्याकडे असते तसलीच. धनुर्वाताची लस, पोटातल्या जंतांची एक गोळी, रक्तवाढीच्या गोळ्या, कॅल्शियम. चोविसाव्या आठवड्यापासून पुढे साखरेची तपासणी. आपल्याकडची पद्धत सोपी आहे: पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, जेवण झालेलं असो वा नसो, आणि दोन तासांनी रक्तातली साखर मोजायची. १४० किंवा जास्त आली तर ती गरोदरपणातली साखर. ही पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली ती एवढ्यासाठीच, की लांबून आलेल्या बाईला उपाशीपोटी परत बोलवावं लागू नये.

यात यंत्रं कुठली लागली? वजनकाटा, रक्तदाबाचं मशिन, टेप, ठोके ऐकायचं साधन, लघवीच्या पट्ट्या, साखरेचं मशिन. बाकी रक्ताचे नमुने तालुक्याच्या लॅबला जातात. सोनोग्राफी मात्र कायद्याने नोंदणी झालेल्या केंद्रातच होते. १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा तिथे लागू आहे आणि तो असलाच पाहिजे. त्यासाठी शहर गाठावं लागलं तर ते महत्त्वाच्या दोनदा: एकदा अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान आणि एकदा अठरा ते वीस आठवड्यांना, बाळाचे अवयव नीट बघायला.

म्हणजे बहुतेक काम मोजण्याचं आणि विचारण्याचं आहे. त्यात कौशल्य लागतं, पण त्याहून जास्त लागतो तो सारखेपणा. तेच माणूस, तेच मशिन, तीच बाई, पुन्हा पुन्हा.

न दुखणारा आजार

रक्तदाबावर जरा थांबते, कारण सगळा विषय त्यात आहे.

वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते तेव्हा तिथल्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. काही जणींत ते पुरतं होत नाही. वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून असे पदार्थ आईच्या रक्तात सुटतात की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडतात, आकसतात. रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागतात, पुढे यकृत, डोळे, मेंदू. विसाव्या आठवड्यानंतर केव्हाही हे सुरू होऊ शकतं. वाईट गोष्ट अशी की सुरुवातीला काहीच दुखत नाही. बाई धुणं धुते, भाकऱ्या थापते, रानात जाते. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यानंतर झटके.

म्हणून त्याला पकडायचा मार्ग एकच: काही होत नसताना मोजत राहणं.

आणि मोजायचं कसं? बाईला खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं शांत बसवायचं. बोलायचं नाही. झंपरची घट्ट बाही वर सारून दंड आवळायचा नाही. पट्टा हृदयाच्या उंचीवर, दंडाच्या मापाचा. १४०/९० किंवा वर आला तर थोड्या वेळाने परत. आता सांगा, एसटीतून उभ्याने आलेली, तीन तास बाकड्यावर बसलेली, लघवीला जायचं राहिलेली बाई या पाच मिनिटांच्या शांततेत बसते का? आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी ते बघितलंय. कंपाउंडर बाई पंख्याखालच्या खुर्चीत बसवते, पाणी देते आणि म्हणते, “बस गं, दम खा.” ते दम खाणं हाही तपासणीचा भाग आहे.

जवळच्या डॉक्टरांचा दुसरा फायदा त्याहून मोठा. त्यांना ‘हिचा नेहमीचा’ आकडा माहीत असतो. १३४/८६ हा आजार नाही. पण ज्या पोरीचा लग्नाच्या आधीपासून १००/६० आहे तिला ते चार दिवसांनी परत बोलावू शकतात. चार दिवसांनी कोल्हापूरला या म्हटलं तर कोण जाईल? पंधरा मिनिटांवर असेल तर भाजी घ्यायला आलेली बाईही जाता जाता दाखवून जाते.

किती भेटी, आणि कुणाकडे

भेटींचं वेळापत्रक आकाशातून पडलेलं नाही. १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने एक आखलं होतं: सोळाव्या, चोविसाव्या, अठ्ठाविसाव्या आठवड्याला, मग छत्तिसाव्यापर्यंत पंधरा दिवसांनी, पुढे दर आठवड्याला. जगभर कित्येक दशकं तेच चाललं. जागतिक आरोग्य संघटना नंतर किमान चार भेटींवर आली आणि २०१६ मध्ये तिने तो आकडा आठ केला, कारण शेवटच्या तीन महिन्यांत भेटी विरळ पडल्या तर धोका निसटतो असं दिसलं. आपल्या सरकारी कार्यक्रमात किमान चार आहेत, पहिली बाराव्या आठवड्याच्या आत.

या भेटी तज्ज्ञाकडेच हव्यात का, याचा नीट पडताळा स्कॉटलंडमध्ये घेतला गेला. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथली ५१ फॅमिली डॉक्टरांची केंद्रं, त्यांना जोडलेली नऊ प्रसूती रुग्णालयं आणि सुरुवातीला काहीही जोखीम न दिसलेल्या १७६५ बायका. चिठ्ठी काढावी तशा त्यांच्या दोन वाटण्या केल्या. एका गटाची नेहमीची तपासणी फॅमिली डॉक्टर आणि सुईणींकडे, दुसऱ्या गटाची तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. निघालं असं, की जोखीम नसलेल्या बाईला तज्ज्ञाने ठरावीक वेळी बघण्याचा वैद्यकीय फायदा फारसा नाही. जवळच्या गटात तर मधेच रुग्णालयात भरती व्हायचं प्रमाणही कमी होतं.

हा अभ्यास आपल्याला जसाच्या तसा लावू नये. तिकडे प्रशिक्षित सुईण असते, काय दिसलं तर कुठे पाठवायचं हे लिहून ठेवलेलं असतं, आणि रुग्णालय फोन उचलतं. हे तीन आधार काढले तर ‘जवळचा डॉक्टर’ म्हणजे नुसती सोय उरते, सुरक्षितता नाही. पण एक गोष्ट आपल्याकडेही सिद्ध झालेली आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, कित्येकदा लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गरोदर बाईकडे लक्ष ठेवणं हे त्या कामाचा गाभा होतं. वाडीतली बाई जे करू शकली, ते बाजारपेठेतल्या डॉक्टरला का जमू नये?

इथे एक अवघड मुद्दा येतो आणि तो टाळणं बरं नव्हे. आपल्या गावांतले फॅमिली डॉक्टर बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेले असतात. राज्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही बीएएमएस वैद्यकीय अधिकारी काम करतात. माझं मत असं, की भिंतीवरच्या पदवीइतकंच हेही बघावं: ते प्रत्येक वेळी मोजतात का, लिहितात का, आणि ‘हे माझं काम नाही, लगेच जा’ असं म्हणतात का. आणि ज्या दवाखान्यात बाळंतपण लवकर उरकावं म्हणून कळा वाढवायचं इंजेक्शन देखरेखीशिवाय दिलं जातं, तिथून बाईला घेऊन उठावं. त्याने गर्भपिशवी फाटू शकते.

कुणी जवळच थांबू नये, तेही सांगते. आधी सिझेरियन झालेलं, जुळं, आधीच्या खेपेला रक्तदाब किंवा झटके, मूल पोटात गेलेलं, हृदयाचा आजार, आधीपासून साखर, हिमोग्लोबिन सातच्या खाली, अंगावरून रक्त जाणं, छत्तीस आठवड्यांनंतरही बाळ आडवं किंवा पायाळू. यांची आखणी तज्ज्ञानेच करायची. मधल्या काळात रक्तदाब आणि वजन मात्र घराजवळ मोजता येतं. खरं तर जिला जोखीम जास्त तिला मोजावं लागतं जास्त वेळा, म्हणून जवळच्या डॉक्टरांची गरज तिलाच अधिक.

आणि बाळंतपण? ते रुग्णालयातच. बाळंत झाल्यावर अचानक होणारा रक्तस्राव कुठल्याही तपासणीत आधी पक्का कळत नाही. सगळं ठीक असलेल्या बाईलाही तो होतो आणि तेव्हा हाताशी वेळ फार थोडा असतो. म्हणून आठव्या महिन्यातच ठरवायचं: कुठे जायचं, गाडी कुणाची, १०२ किंवा १०८ ला फोन कोण करणार, रक्त द्यायला कोण येणार. दवाखाना जवळचा निवडायचा तो नऊ महिन्यांसाठी. त्या एका दिवसासाठी सोयी बघायच्या.

गोळ्या वाटल्या, खाल्ल्या का?

देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. मोठी गोष्ट आहे. पण चार तपासण्या झालेल्या आया ५८.१ टक्के. आणि रक्तवाढीच्या गोळ्या १८० दिवस खाल्लेल्या फक्त २६ टक्के. त्याच पाहणीत गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के, रक्तक्षय असलेल्या होत्या. बाई शेवटच्या दिवशी दवाखान्यात पोहोचते, मधले महिने निसटतात.

गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. आशाताई घरी आणून देते. तरी त्या फडताळात पडून राहतात. पोट साफ होत नाही, मळमळतं, शौचाला काळी होते म्हणून बाई घाबरते. कुणीतरी सांगितलेलं असतं, की गोळीने बाळ काळं होतं किंवा फार मोठं होऊन अडतं. दोन्ही खोटं आहे. पण हे सुनेने सासूला सांगून चालत नाही. आमच्या डॉक्टरांनी आमच्या आईला सांगितलं, “काकू, गोळी चहाबरोबर देऊ नका, चहा लोह मारतो. जेवणानंतर तासाने द्या, लिंबूसरबताबरोबर. कॅल्शियमची वेगळ्या वेळी. काळी झाली तर समजा गोळी पोटात गेली.” आईने मान डोलावली. वीस वर्षं तिच्या गुडघ्यांचं औषध देणाऱ्या माणसाचा शब्द होता तो. हे वजन शहरातल्या तज्ज्ञाकडे नसतं, त्यांचं ज्ञान कितीही मोठं असो.

सरकारी व्यवस्थेशी नातं तोडायचं नाही, हेही तितकंच खरं. खासगी दवाखान्यात दाखवत असलात तरी आशाताईकडे नोंद करा, माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची तपासणी असते. २०१६ पासून हे चालू आहे आणि खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्या दिवशी तिथे येऊन सेवा द्यावी असं आवाहन आहे. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण चिकटवतात. म्हणजे तज्ज्ञ गावाकडे येतात, गाव तज्ज्ञाकडे जात नाही. दिशा हीच बरोबर. गावच्या डॉक्टरांनी आपल्या पेशंटना त्या दिवशी आवर्जून धाडावं आणि तिथे काय लिहिलं ते वाचून पुढे न्यावं.

आणि कार्ड बाईबरोबर फिरलं पाहिजे. आपल्याकडे पहिल्या खेपेला माहेरी जायची रीत आहे. नेमक्या सातव्या-आठव्या महिन्यात, रक्तदाब चढायच्या दिवसांत, डॉक्टर बदलतात. आमच्या भागात तर राज्यही बदलतं, भुदरगड महाराष्ट्रात आणि निपाणी कर्नाटकात. रीत चांगली आहे, पोरीला आईच्या हातचं आणि विसावा मिळतो. पण ओटी भरताना नारळाबरोबर फाइलही पदरात घातली पाहिजे आणि जुन्या डॉक्टरांनी नव्यांना एक फोन केला पाहिजे.

वहिनीला गेल्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. पहिल्या खेपेमुळे ती जोखमीतच धरलेली. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या महिन्यात सगळं बघून लहान डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू केली, कुठल्या आकड्याला काय करायचं ते एका कागदावर लिहून दिलं आणि खाली आपला नंबर. तो कागद आमच्या डॉक्टरांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला. दर पंधरा दिवसांनी, आठव्या महिन्यापासून दर आठवड्याला, वहिनी चालत जाऊन रक्तदाब दाखवून यायची. कार्डावर एकाखाली एक आकडे: १०२/६४, १००/६०, १०४/६८, ११०/७०.

छत्तीस आठवडे संपले आणि एका मंगळवारी १४२/९२ आला. डॉक्टरांनी तिला पंख्याखाली बसवलं, पंधरा मिनिटांनी परत घेतला, १४४/९२. लघवीची पट्टी साधी होती. डोकं दुखत नव्हतं, काहीच होत नव्हतं. त्यांनी काचेखालचा कागद बघितला आणि फोन लावला. दुपारी तीनला ती कोल्हापुरात खाटेवर होती आणि सदतीस आठवडे भरल्यावर तिथेच बाळंत झाली. मुलगी, दोन किलो सहाशे. पेटी लागली नाही.

फाइल या खेपेला आईने स्वतःच्या पिशवीत नेली होती. घरी आल्यावर तिने ती कपाटावर ठेवली नाही, बाळाच्या लसीच्या कार्डाशेजारी देवघरातल्या खणात ठेवली.